नाटकाच्या प्रयोगात वायरलेस माइकची खरखर कशी टाळावी

दुसऱ्या अंकातला शांत प्रवेश रंगात आलेला असताना नायिका डाव्या विंगेजवळच्या झोपाळ्यावर जाऊन बसली, की तिच्या कॉलर माइकमधून कागद चुरगाळल्यासारखा आवाज येत असे आणि ती उठून दोन पावले पुढे आली, की तो आपोआप थांबत असे. लागोपाठ दोन प्रयोगांत हेच घडले, तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाने आपापला गुन्हेगार ठरवून टाकला. कोणी समोरच्या इमारतीवरच्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवले, कोणी प्रेक्षकांच्या फोनकडे, तर निर्मिती सूत्रधारांनी थेट माइक बदलण्याचे फर्मान काढले. तिसऱ्या प्रयोगाच्या दुपारी मी स्वतः तो बॉडीपॅक, म्हणजे माइकचा आवाज रेडिओ लहरींनी पाठवणारी डबी (ट्रान्समीटर), कमरेला लावून झोपाळ्यावर बसलो आणि तेथून ते संकेत पकडणारा रिसीव्हर कोठे दिसतो ते पाहू लागलो. तो दिसतच नव्हता. नेपथ्यातील एलईडी पडद्याची लोखंडी चौकट बरोबर आड येत होती आणि रिसीव्हर त्या चौकटीमागे एका ट्रंकेवर ठेवलेला होता. ट्रंक उचलून उजव्या विंगेत नेली आणि त्यानंतर ती खरखर पुन्हा ऐकू आली नाही.

परक्या लहरींनी बिघडवलेले प्रयोगही मी पाहिले आहेत. पण त्याहून कितीतरी अधिक वेळा आपल्याच माइकचा संकेत अँटेनापर्यंत पोचेतो क्षीण झालेला असतो आणि मग एरवी दखलही घेण्याजोगा नसलेला आसपासचा गोंगाट त्याच्यावर मात करतो. म्हणून आधी आपला संकेत बळकट करावा, मग फ्रिक्वेन्सी नीट निवडाव्यात आणि शेजाऱ्यांना दोष देण्याचे काम शेवटी ठेवावे. पुढील सूचना मुख्यतः नाटक, वाद्यवृंद, कीर्तन यांसाठी वापरल्या जाणाऱ्या यूएचएफ, म्हणजे काही शे मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालणाऱ्या, माइकना लागू आहेत; ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या छोट्या माइकचा विचार नंतर थोडक्यात केला आहे.

खरखर कोठून येते, हे आधी ठरवावे

रिसीव्हरवर दोन निरनिराळे मापक असतात. एक ऑडिओचा, जो कलाकार बोलला की हलतो, आणि दुसरा आरएफचा, जो रेडिओ संकेताची ताकद दाखवतो. बहुतेक जण पहिल्याकडे पाहत बसतात. व्यत्यय शोधताना मात्र दुसऱ्याकडे पाहावे लागते.

खरखर होते त्या क्षणी आरएफचा मापक खाली कोसळत असेल, तर आपला संकेत अँटेनापर्यंत पोचत नाही असे समजावे आणि अँटेनाची जागा, बॉडीपॅकची जागा व अंतर या गोष्टी तपासाव्यात. मापक भरलेला आणि स्थिर आहे, तरीही आवाज तुटतो आहे, असे असेल तर रेडिओला दोष देण्याआधी माइकची वायर पाहावी. कॉलर माइकची बारीक वायर बॉडीपॅकमध्ये शिरते त्या टोकाशी हमखास तुटते, आणि तिचा आवाज रेडिओच्या खरखरीशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी माणूसही फसतो. वायर त्या टोकाशी बोटांनी हलकेच वाकवून पाहावी; खरखर झाली, तर उत्तर मिळाले. घाम माइकच्या टोकात किंवा जोडणीत उतरल्यावरही असेच होते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. बाकीचे सगळे माइक चालू ठेवून फक्त तक्रारीचा ट्रान्समीटर बंद करावा आणि त्याच्या रिसीव्हरचा आरएफ मापक पाहावा. मापक शून्यावर आला, तर ती फ्रिक्वेन्सी स्वच्छ आहे. ट्रान्समीटर बंद असूनही मापकाचे दोन-तीन दिवे लागलेलेच राहिले, तर तेथे दुसरे कोणीतरी आहे. ते कोण आहे हे कळण्यासाठी मग आपले इतर माइक एकेक करून बंद करावेत. त्यांपैकी एखादा बंद करताच दिवे विझले, तर व्यत्यय घरचाच आहे. सगळे बंद करूनही दिवे तसेच असतील, तेव्हाच बाहेर शोध घ्यावा. या कसोटीला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण ती न करता नवा माइक मागवणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

रिसीव्हर आणि अँटेना

आपल्याकडे मिक्सर प्रेक्षागृहाच्या शेवटी असतो आणि रिसीव्हर डोळ्यांसमोर असावा म्हणून तोही मिक्सरशेजारी ठेवण्याची सवय आहे. ही सवय सोडता आली, तर निम्मे काम तेथेच होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की रेडिओ संकेताची शक्ती एक चतुर्थांश उरते. कलाकारापासून ६ मीटरवर विंगेत असलेला रिसीव्हर २४ मीटरवर मिक्सरपाशी नेला, तर अंतर दोनदा दुप्पट होते आणि शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते. वर मधल्या प्रेक्षकांची डोकी आणि शरीरे आणखी वाटा घेतात तो निराळाच. त्यामुळे रिसीव्हर रंगमंचाच्या बाजूला ठेवून त्याचा ऑडिओ मल्टीकोर (एकीत अनेक वायरी असलेल्या) केबलमधून मिक्सरपर्यंत आणावा. ऑडिओ केबल ३० मीटर ओढली, तरी फारसे बिघडत नाही. याची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे, ती म्हणजे मिक्सरवर बसलेल्या माणसाला आरएफचे मापक दिसत नाहीत. म्हणून विंगेत एक मदतनीस बसवावा किंवा रिसीव्हरला सोय असल्यास नेटवर्क केबलने मापके संगणकावर आणावीत.

रिसीव्हर मागेच ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर फक्त अँटेना पुढे नेता येतात, पण तेव्हा केबलचा हिशेब करावा लागतो. आरजी-५८ जातीची बारीक कोॲक्सिअल केबल यूएचएफ पट्ट्यात ३० मीटरमध्ये सुमारे १० डेसिबल खाते, म्हणजे अँटेनाने पकडलेल्या शक्तीचा दहावा हिस्साच रिसीव्हरपर्यंत पोचतो. एवढ्या अंतरासाठी जाड, कमी क्षय असलेली केबल घ्यावी किंवा अँटेनापाशी ॲम्प्लिफायर लावावा. मात्र तो केबलमध्ये होणारे नुकसान भरून काढण्यापुरताच असावा. जास्त वाढवले की ताकद वाढेल, या समजुतीने कळ शेवटापर्यंत फिरवली, तर संकेताबरोबर गोंगाटही वाढतो आणि रिसीव्हर बधिर होतो.

रिसीव्हरला दोन अँटेना असतात, त्यामागचे कारण कळले की त्या कशा ठेवाव्यात तेही आपोआप कळते. माइकची लहर अँटेनाकडे सरळ येते, तशीच ती रंगमंचावरच्या लोखंडी पाइपांवर, दिव्यांच्या बारवर आणि भिंतींवर आपटूनही येते. सरळ आलेली आणि परतून आलेली लहर एखाद्या ठिकाणी नेमक्या उलट्या अवस्थेत भेटल्या, तर त्या एकमेकींना पुसून टाकतात आणि तेवढ्याच जागेवर आवाज तुटतो. पाऊलभर सरकले की तो परत येतो, तो याच कारणाने. दोन अँटेना एकमेकींपासून पुरेशा दूर असतील, तर एकीच्या जागी संकेत पुसला गेला तरी दुसरीच्या जागी तो शाबूत असतो आणि रिसीव्हर त्या क्षणी चांगल्या बाजूकडे वळतो. डायव्हर्सिटी म्हणतात ती हीच. ५०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते. दोन अँटेनांमध्ये निदान तिचा चतुर्थांश, म्हणजे १५ सेंटिमीटर अंतर हवे आणि जागा असेल तर एक-दोन मीटर ठेवण्यात फायदाच आहे. कलाकार वाकतो, झोपतो, कुशीवर वळतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या बॉडीपॅकची तारही आडवी-उभी होत राहते. म्हणून दोन्ही अँटेना सरळ उभ्या न ठेवता इंग्रजी व्हीच्या आकारात बाहेरच्या बाजूला कललेल्या ठेवाव्यात.

उंचीकडे दुर्लक्ष होऊ नये. अँटेना उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, स्टँडवर असाव्यात आणि रंगमंचावरच्या प्रत्येक जागेवरून त्या दिसाव्यात. मी ही गोष्ट शब्दशः तपासतो: कलाकार जेथे जेथे जाणार आहे तेथे उभे राहून अँटेना डोळ्यांनी दिसतात का, ते पाहतो. रंगवलेला कापडी पडदा किंवा पातळ प्लायवुड मध्ये आले, तर फारसे नुकसान नाही. लोखंड, जाळी, आरसा, एलईडी पडदा किंवा माणसांची भिंत आली, तर जागा बदलावी. उलट फार जवळही जाऊ नये. ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्यात किमान ३ मीटर अंतर असावे. अँटेनाला खेटून एन्ट्रीची वाट पाहणारा नट आपल्या माइकने इतर सर्वांच्या रिसीव्हरना गुदमरवून टाकू शकतो.

चार-सहा रिसीव्हर एकावर एक रचून प्रत्येकाच्या दोन-दोन अँटेनांचे जंगल करण्यापेक्षा अँटेना डिस्ट्रिब्यूटर घ्यावा. त्याने एकाच जोडीतून सगळ्यांना संकेत मिळतो आणि ती जोडी आपल्याला हवी तेथे, हवी तितक्या उंचीवर ठेवता येते. गायकांच्या कानातल्या मॉनिटरचा ट्रान्समीटर वापरत असाल, तर तो या अँटेनांपासून दूर, दुसऱ्या बाजूला असावा.

बॉडीपॅक अंगावर कसा असावा

मानवी शरीरात पाण्याचा वाटा मोठा असल्यामुळे ते या लहरी शोषून घेते. बॉडीपॅकची तार कातडीला चिकटली किंवा घामाने भिजलेल्या अंतर्वस्त्रात दडपली गेली, की संकेताचा मोठा भाग नटाच्या कमरेतच जिरतो. म्हणून तार मोकळी आणि सरळ लोंबती ठेवावी. गुंडाळून खिशात कोंबू नये, तिच्यावरून पट्टा आवळू नये आणि माइकची वायर तिच्याशी पीळ घालून बांधू नये. पाठीमागे, कमरेच्या किंचित वर, कापडी पिशवीत बॉडीपॅक ठेवला, तर पिशवीची जाडी कातडी आणि तार यांच्यात आपोआप अंतर राखते. रिसीव्हर ज्या विंगेत आहे त्या बाजूच्या कमरेला पॅक लावणे शक्य असेल, तर आणखी चांगले.

वेशभूषाकारांशी यासाठी आधीच बोलून घ्यावे. नऊवारीच्या कासोट्यात खोचलेला पॅक दिसत नाही हे खरे, पण त्यावर धातूचा कमरपट्टा चढवला, की आपण आपल्याच अँटेनासमोर पत्रा धरल्यासारखे होते. संगीत नाटकातल्या एका तरुण गायकाच्या माइकची आम्ही तासभर उलटतपासणी केली आणि शेवटी त्याच्या शेल्यावरून बांधलेला पितळी पट्टा चार बोटे वर सरकवून काम भागले. टोपात किंवा गंगावनात पॅक लपवण्याची पद्धत मला स्वतःला आवडते, कारण तो उंच राहतो आणि प्रेक्षकांना दिसतही नाही. पण टोप बसवायला रंगभूषाकाराला वेळ द्यावा लागतो आणि नटाचे डोके दुखले, तर ती योजना पहिल्याच प्रयोगानंतर मोडीत निघते.

बॅटरीच्या बाबतीत काटकसर करू नये. प्रत्येक प्रयोगाला नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले सेल घालावेत आणि मध्यंतरात बॅटरीचा मापक पाहावा.

फ्रिक्वेन्सी निवडताना

दोन ट्रान्समीटर जवळ आले, की त्यांच्या फ्रिक्वेन्सींच्या मिश्रणातून नव्या, कोणी न मागितलेल्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. त्यांपैकी सर्वांत त्रासदायक असतात त्या एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केल्यावर येणाऱ्या. एक माइक ५२०.० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ५२१.० वर असेल, तर ५१९.० आणि ५२२.० येथे भुते उभी राहतात. आता तिसरा माइक सोयीचा आकडा म्हणून ५२२.० वर लावला, तर तो नेमका भुताच्या मांडीवर बसतो. म्हणूनच समान अंतरावरच्या, गोल आकड्यांच्या फ्रिक्वेन्सी निवडणे ही सर्वांत वाईट निवड आहे. तिसरा माइक ५२२.६ वर नेला, तर या तिघांपासून निर्माण होणारी कोणतीही भुते या तीन जागांवर येत नाहीत. कागदावर करून पाहावे, हिशेब सोपा आहे.

तीन माइकपर्यंतच तो सोपा आहे. चार माइक असतील, तर दोघांची आणि तिघांची मिळून या जातीची २४ मिश्रणे होतात आणि आठ माइकना २२४. एवढे गणित हाताने करू नये. एकाच कंपनीचे एकाच मालिकेतले संच असतील, तर त्यांच्यात ग्रुप आणि चॅनल अशी रचना दिलेली असते. एका ग्रुपमधले चॅनल एकमेकांना त्रास देणार नाहीत, असा हिशेब निर्मात्याने आधीच केलेला असतो. म्हणून सगळे माइक एकाच ग्रुपमध्ये ठेवावेत आणि चॅनल तेवढे वेगवेगळे घ्यावेत. एक माइक पहिल्या ग्रुपमधला, दुसरा चौथ्यातला असे केले, की तो हिशेब मोडतो. निरनिराळ्या कंपन्यांचे संच एकत्र वापरायचे असतील, तर मोठ्या उत्पादकांची समन्वयाची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. त्यांत हातातले सगळे संच नोंदवून यादी काढावी. साध्या ॲनालॉग संचांमध्ये कोणत्याही दोन माइकमध्ये निदान ४०० किलोहर्ट्झ अंतर ठेवावे.

मिश्रण ट्रान्समीटर जवळ आल्यावर बळावते, हे लक्षात घेतले तर काही कोडी सुटतात. नायक-नायिका एकमेकांना मिठीत घेतात त्याच क्षणी तिसऱ्याच पात्राचा माइक फुरफुरतो, तो याच कारणाने. रंगभूषेच्या खोलीत सगळे पॅक चालू करून एका टेबलावर ओळीने मांडून ठेवू नयेत, कारण तेथे ते एकमेकांत मिसळून अशी गर्दी करतात की चाचणीचे निष्कर्षच खोटे ठरतात. ट्रान्समीटरची शक्ती कमी-जास्त करता येत असेल, तर नेहमीच्या नाट्यगृहात १० मिलिवॉट बहुधा पुरतात. ५० मिलिवॉटवर नेल्याने पल्ला वाढतो, पण भुतेही तगडी होतात आणि बॅटरी लवकर संपते.

बाहेरच्या माइकबद्दल एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका प्रयोगात आमचा एक नट आत गेल्यावर बॅटरी वाचवायची म्हणून विंगेत आपला पॅक बंद करत असे. ॲनालॉग एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा, की त्याच फ्रिक्वेन्सीवर दोन संकेत आले तर बलवान संकेत दुसऱ्याला गिळून टाकतो. नटाचा पॅक चालू होता तोवर शेजारच्या मंगल कार्यालयातला माइक दबलेला होता. पॅक बंद होताच मैदान मोकळे झाले आणि रंगमंचावर मृत्यूचा प्रवेश चालू असताना ध्वनिक्षेपकातून ‘नवरीकडच्या मंडळींनी पंगतीला बसून घ्यावे’ अशी घोषणा झाली. तेव्हापासून माझा नियम आहे, की प्रयोग संपेपर्यंत कोणीही ट्रान्समीटर बंद करायचा नाही. आवाज बंद करायचा तो मिक्सरवर. रिसीव्हरमधील पायलट टोनची सोय चालू ठेवली, तर अशा परक्या माइकला दार बंद होते, कारण आपल्याच ट्रान्समीटरची ओळखखूण मिळाल्याशिवाय तो आवाज सोडत नाही. स्क्वेल्चची, म्हणजे संकेत ठरावीक ताकदीखाली गेला की आवाज बंद करणारी, कळ मात्र जपून फिरवावी. ती वाढवल्याने गोंगाट झाकला जातो, पण त्याबरोबर क्षीण झालेला आपला संकेतही लवकर कापला जातो आणि पल्ला आखडतो.

कोणता फ्रिक्वेन्सी पट्टा घ्यावा

जुने संच असलेल्या मंडळांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. भारतातल्या २०२२ च्या स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींच्या) लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी प्रथमच विकला गेला. त्यात ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संकेतांसाठी आणि ७५८ ते ८०३ टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या संकेतांसाठी आहे. याच्या वर ८२४ ते ८४९ आणि ८६९ ते ८९४ हे पट्टे आधीपासूनच मोबाइलचे आहेत. असे असूनही ७४० ते ८३० च्या दरम्यान चालणारे स्वस्त माइक अजून बाजारात मिळतात. आमच्याकडे त्या पट्ट्यातला जुना चार माइकचा संच होता. वर्षानुवर्षे निमूट चाललेल्या त्या संचातले दोन माइक त्यानंतर काही नाट्यगृहांत चालेनात, काहींत चालत, आणि आम्ही बराच काळ दोष बॅटरीला देत राहिलो. अशा संचावर आणखी पैसे घालू नयेत. नवा संच ४७० ते ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा घ्यावा. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाल्यामुळे या भागात बऱ्यापैकी शांतता आहे. काही मोठ्या शहरांत डिजिटल प्रक्षेपण मात्र चालू आहे आणि त्याचा एक चॅनल सलग ८ मेगाहर्ट्झ व्यापतो, म्हणून रिसीव्हरवर मोकळ्या फ्रिक्वेन्सींचा शोध घेताना एवढा रुंद भाग भरलेला दिसला, तर तो पूर्ण सोडून द्यावा. खरेदी करताना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची मान्यता त्या संचाला आहे, याचा कागद विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

नाटक अमेरिकेच्या दौऱ्यावर नेणाऱ्यांनी येथले माइक बॅगेत भरण्याआधी त्यांच्यावरचा आकडा वाचावा. तेथे ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायरलेस माइक वापरणे १२ जून २०१० पासून बंद आहे आणि ६०० मेगाहर्ट्झचा बहुतांश भाग, म्हणजे ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८, १३ जुलै २०२० पासून बंद झाला. तेथील टीव्ही चॅनलही ८ नव्हे, ६ मेगाहर्ट्झ रुंदीचे आहेत. महाराष्ट्र मंडळाला तेथेच भाड्याने संच घ्यायला सांगणे सर्वांत सोयीचे.

रंगमंचावरचा गोंगाट

एलईडी पडदे, त्यांचे स्वस्त पॉवर सप्लाय आणि डेटा केबल यूएचएफ पट्ट्यात रुंद गोंगाट सोडतात. पडदा बंद असताना केलेली तपासणी म्हणूनच कुचकामी ठरते. तो चालू करून, त्यावर चित्र हलते ठेवूनच फ्रिक्वेन्सी शोधावी आणि अँटेना त्याच्यापासून काही मीटर दूर ठेवाव्यात. वॉकीटॉकी बहुधा ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतात, पण त्यांची शक्ती ४ वॉटच्या घरात असते, म्हणजे १० मिलिवॉटच्या माइकच्या ४०० पट. फ्रिक्वेन्सी वेगळी असूनही अँटेनाशेजारी उभ्या राहिलेल्या सुरक्षारक्षकाने बटण दाबले, की रिसीव्हर गांगरतो. त्याला विनंती करून दुसऱ्या दारापाशी उभे करावे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फोन येण्याआधी ध्वनिक्षेपकातून येणारी ‘टिक टिक टर्रर्र’ ही वेगळी गोष्ट आहे. टू-जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा संकेताचे झटके सोडतो आणि ते जवळच्या केबलमध्ये किंवा मिक्सरच्या सर्किटमध्ये थेट ऐकू येतात. वायर असलेल्या माइकलाही हा त्रास होतो. तेथे फ्रिक्वेन्सी बदलून काही होत नाही, फोन मिक्सरवरून उचलून दूर ठेवावा लागतो.

ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झ

व्हिडिओसाठी वापरले जाणारे छोटे क्लिपचे माइक, ब्लूटूथ स्पीकर आणि इअरफोन सगळे याच पट्ट्यात दाटीवाटीने राहतात. वायफायही तेथेच आहे आणि मायक्रोवेव्ह भट्टीही. ब्लूटूथ आपले ७९ चॅनल सेकंदाला १६०० वेळा बदलत राहते आणि २००३ पासून गजबजलेले चॅनल टाळण्याचीही त्यात सोय आहे, त्यामुळे ते बरेच सोसते. पण जागाच उरली नाही, तर तेही तुटते. सभागृह रिकामे असताना हे माइक झकास चालतात आणि पाचशे माणसे खिशात फोन घेऊन येऊन बसली, की पल्ला एकदम घटतो. म्हणून नाटकासाठी ते मी वापरत नाही.

घरी उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी आहेत. राउटर आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर हलवल्याने २.४ मध्ये बरीच जागा होते. संगणकाला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडली की ब्लूटूथ हेडफोन अडखळू लागतात, हेही नवल नाही. अशा जोडण्या याच पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून प्रसिद्ध केले आहे. माइकचा किंवा माउसचा छोटा रिसीव्हर फूटभर लांबीच्या यूएसबी केबलने तेथून दूर नेला, की बहुधा भागते. डिजिटल माइकचा व्यत्यय खरखरीच्या रूपाने येत नाही, आवाज थेट गप्प होतो. त्यामुळे येथे आगाऊ इशारा मिळत नाही.

प्रयोगाच्या दिवशी

दादरला दुपारचा प्रयोग आणि ठाण्याला रात्रीचा, अशा दिवशी सकाळची यादी रात्री चालेलच असे नाही. प्रत्येक नाट्यगृहात पुन्हा तपासणी करावी. आधी दिवे, एलईडी पडदा, वॉकीटॉकी, मॉनिटर ट्रान्समीटर, संगणक सगळे चालू करावे आणि आपले सर्व माइक बंद ठेवावेत. मग रिसीव्हरला शोध घेऊ द्यावा आणि ज्या ग्रुपमध्ये सर्वाधिक मोकळे चॅनल दिसतील तो निवडावा. पहिला माइक चालू करावा, मग तो चालूच ठेवून दुसरा, मग तिसरा. दर वेळी आधीच्या रिसीव्हरकडे नजर टाकावी. सगळे लागल्यावर एकेक माइक बंद करून त्याच्या रिसीव्हरचा मापक शून्यावर येतो का, ते पुन्हा पाहावे. शेवटी एकाने पॅक कमरेला लावून, आकडे मोजत, कलाकारांच्या सगळ्या जागांवरून चालावे. पायऱ्या, झोपाळा, विंगेतला अंधारा कोपरा आणि प्रेक्षागृहातून एन्ट्री असेल, तर तो दरवाजाही सोडू नये. चालणारा माणूस अँटेनाकडे पाठ करूनही बोलला पाहिजे. दोन माइक राखीव ठेवून त्यांच्या फ्रिक्वेन्सीही याच यादीत धरलेल्या असाव्यात, नाहीतर अडचणीच्या वेळी काढलेला राखीव माइकच नवी अडचण होतो.

प्रेक्षक आत आल्यावर, दुसऱ्या घंटेच्या सुमारास, मापकांवरून एक शेवटची नजर फिरवावी, कारण भरलेले सभागृह रिकाम्या सभागृहापेक्षा निराळे असते. तिसरी घंटा झाल्यावर कोणतीही फ्रिक्वेन्सी बदलू नये. एखादा माइक बिघडलाच, तर राखीव हँडहेल्ड (हातात धरायचा) माइक विंगेतून पुढे करावा किंवा जवळच्या पात्राच्या माइकची पातळी थोडी उचलावी. प्रयोग संपल्यावर नाट्यगृहाचे नाव, तारीख, रिसीव्हरची जागा आणि वापरलेल्या फ्रिक्वेन्सी वहीत लिहून ठेवाव्यात. माझ्या वहीत काही नाट्यगृहांची पाने इतकी भरली आहेत, की तेथे ट्रंक कोणत्या खांबाशेजारी ठेवायची, हे आता वही न उघडताच हमालांना सांगता येते. शोध मात्र तेथेही दर वेळी नव्याने घेतो.